अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्या मुलीचा थरकाप आणि जागरण : गुंगीची औषधे उतरवताना घरच्यांनी काय सांभाळावे?

जांबोटीकर (ता. खानापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. न्यूमोनिया बळावून तिला धाप लागली, तेव्हा आम्ही तिला बेळगावच्या एका दवाखान्यात नेले. तिथे मुलांच्या अतिदक्षता विभागात ती १३ दिवस व्हेंटिलेटरवर होती. घशातली नळी तिने ओढू नये आणि तिला त्रास जाणवू नये म्हणून फेंटानिल व मिडाझोलाम ही दोन औषधे पंपावर रात्रंदिवस चालू होती. परवा नळी निघाली, त्याच दिवशी फेंटानिल बंद झाले, मिडाझोलामही बरेच कमी केले आणि काल सकाळी तिला साध्या वॉर्डात आणले.

काल संध्याकाळपासून मात्र तिची अवस्था बघवत नाही. हात थरथरतात, कपाळाला आणि मानेला घाम सुटतो, एकामागून एक जांभया आणि शिंका येतात, पातळ शौचाला चार वेळा झाली. चादर सारखी करायला नुसता हात लावला तरी ती दचकते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की आईने जवळ घेतले तरी ती शांत होत नाही आणि आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहतही नाही.

माझ्या आईचे म्हणणे आहे की पोरीला दृष्ट लागली, म्हणून तिने घरून मीठ-मोहऱ्या पाठवल्या आहेत. एक नातेवाईक म्हणतात, दवाखान्याने नशेची औषधे देऊन मुलीला व्यसन लावले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ‘विथड्रॉवल आहे, उतरेल’ एवढेच सांगितले. माझे तीन प्रश्न आहेत. हे व्यसन आहे का? हे किती दिवस चालते? आणि आठवड्याभरात घरी सोडले, तर पावसाळ्यात मोबाईलला रेंज नसलेल्या आमच्या गावात आम्ही हे कसे सांभाळायचे?

रात्रपाळी (परिचारिका, बेळगाव) यांचे उत्तर

दादा, आधी एक काम करा आणि बाकीचे नंतर वाचा. तुम्ही इथे लिहिलेली सगळी लक्षणे वेळेसह एका कागदावर उतरवा आणि आत्ता पाळीवर असलेल्या सिस्टरच्या हातात द्या. ‘मुलगी रडते आहे’ असे सांगितले तर वॉर्डाच्या गर्दीत ते मागे पडते. ‘सायंकाळी सहापासून चार वेळा पातळ शौच, हाताला कंप, हात लावला की दचकणे’ असे सांगितले तर पुढची पावले लगेच उचलली जातात.

त्याचे कारण असे की या त्रासासाठी, म्हणजे औषध एकदम कमी झाल्यावर होणाऱ्या विथड्रॉवलसाठी, आम्ही गुणांचा एक तक्ता वापरतो. त्याला वॅट-वन म्हणतात आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११ बाबी आहेत आणि एकूण गुण १२. मागच्या बारा तासांत पातळ शौच, उलटी किंवा ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप होता का, हे नोंदवहीत पाहायचे. मग मुलाला हात न लावता दोन मिनिटे नुसते बघायचे, म्हणजे कंप, घाम, अस्वस्थता, वेडीवाकडी हालचाल, जांभया, शिंका टिपता येतात. त्यानंतर हाक मारून, हलका स्पर्श करून दचकणे आणि अंगाचा ताठपणा पाहायचा. शेवटी मूल शांत व्हायला किती वेळ लागतो हे घड्याळावर मोजायचे. पाच मिनिटांहून जास्त लागली तर त्या एकाच बाबीला दोन गुण मिळतात. बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर विथड्रॉवल धरून चालतो. तुम्ही लिहिले आहे त्यावरून मी इथे बसूनही तीनच्या बऱ्याच पुढे जाते, पण खरी मोजणी खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसानेच करायची असते. ती दिवसातून किमान दोनदा झाली पाहिजे आणि साध्या वॉर्डात आल्यावरही चालू राहिली पाहिजे. अतिदक्षता विभागातून मूल बाहेर पडते तेव्हा हा तक्ता बरेचदा मागेच राहतो, ही आमची उणीव आहे आणि ती मी मान्य करते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. माझी मातृभाषा कन्नड आहे आणि मराठी मी नोकरीत शिकले. गुंगीतून बाहेर येणारे मूल आधीच गोंधळलेले असते. त्यात खानापूरकडचे मराठी बोलणारे मूल आणि आम्ही सगळ्या आपसांत कन्नडमध्ये बोलणाऱ्या, तर त्या मुलाला कुठलाच आवाज ओळखीचा वाटत नाही. म्हणून आईने खाटेजवळ बसून हळू आवाजात घरच्यासारखे बोलत राहावे. गोठ्यातल्या म्हशीचे नाव घ्यावे, शेजारच्या मुलांची नावे घ्यावीत. मुलीने प्रतिसाद दिला नाही तरी बोलणे थांबवू नये.

बालदक्षता (डॉक्टर, मुलांचा अतिदक्षता विभाग) यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. हे व्यसन नाही. व्यसनात माणसाला औषधाची ओढ लागते, त्यासाठी तो धडपडतो आणि नुकसान दिसत असूनही सोडू शकत नाही. तुमच्या मुलीला औषधाचे नावही ठाऊक नाही. तिच्या बाबतीत झाले आहे ते शरीराच्या पातळीवरचे अवलंबन. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई मान आणि पाठ एका ठरावीक जोराने ताठ धरते. ती घागर कोणी मागून अचानक उचलली, तर तोच जोर तिचा तोल घालवतो. फेंटानिल आणि मिडाझोलाम मज्जासंस्थेला दाबून ठेवतात आणि काही दिवसांत मज्जासंस्था त्या दाबाविरुद्ध उलटा जोर लावायला शिकते. औषध एकदम काढले की उलटा जोर तेवढा उरतो आणि घाम, कंप, जुलाब, जागरण, दचकणे या रूपांत दिसतो.

हे किती मुलांना होते, ते मुख्यतः औषध किती दिवस आणि किती प्रमाणात मिळाले यावर ठरते. साधारण पाच दिवसांपुढे धोका वाढत जातो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फेंटानिल घेतलेल्या २३ मुलांच्या एका छोट्या अभ्यासात १३ मुलांना विथड्रॉवल झाले, आणि ज्यांना ते नऊ दिवस किंवा त्याहून जास्त चालू होते त्या सर्वांना झाले. तुमच्या मुलीला १३ दिवस दोन औषधे मिळाली. म्हणजे तिच्या बाबतीत हे अपेक्षितच होते आणि नळी काढण्याआधीच उतरणीचा, म्हणजे औषध पायरीपायरीने कमी करण्याचा, आराखडा तयार असायला हवा होता. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ती औषधे दिली नसती तर व्हेंटिलेटरवरचे १३ दिवस तिने वेदनेत आणि भीतीत काढले असते, आणि नळी ओढून काढली असती तर जिवावर बेतले असते. औषध देण्यात चूक नव्हती, ते एकदम काढायला नको होते.

आता उपाय. सर्वसाधारण पद्धत अशी आहे. पंपावरच्या औषधाऐवजी तोंडावाटे देता येणारे, जास्त वेळ टिकणारे औषध सुरू करतात. फेंटानिलच्या जागी मेथाडोन किंवा मॉर्फीन, आणि मिडाझोलामच्या जागी लोराझेपाम. मूल स्थिर झाले की सुरुवातीच्या डोसाच्या १० ते २० टक्के एवढे एका पायरीला कमी करतात, आणि पुढची पायरी एक किंवा दोन दिवसांनी. दोन्ही औषधे एकाच दिवशी कमी करायची नाहीत, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज मॉर्फीन, उद्या लोराझेपाम असे आलटून पालटून केले, म्हणजे त्रास झाल्यास कोणत्या औषधामुळे झाला ते कळते. गुण वाढले तर पायरी थांबवायची, तरीही उतरले नाहीत तर आदल्या पायरीवर परत जायचे, आणि मधल्या त्रासासाठी एखादा जादा डोस आधीच लिहून ठेवायचा. काही मुलांना क्लोनिडिनची जोड देतात. त्याने रक्तदाब आणि नाडी उतरू शकते, आणि तेही अचानक थांबवायचे नसते.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. उतरण नीट सुरू झाली की तीव्र त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. औषधे पूर्ण सुटायला मात्र दोन ते तीन आठवडे लागू शकतात. औषध जितके दिवस चालले, तितकी उतरण लांबते. या प्रवासात घाई करू नका. मॉर्फीन किंवा फेंटानिल एकदम तोडले तर मुलाचे फार हाल होतात, पण मिडाझोलाम किंवा लोराझेपाम एकदम तोडले तर झटके येऊ शकतात.

एक सावधगिरीही सांगतो. घाम, ताप आणि वेगवान नाडी दिसली म्हणून सगळे विथड्रॉवलच्या खात्यात टाकायचे नसते. नुकतीच व्हेंटिलेटरवरून आलेल्या मुलीला नवा जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, साखर उतरणे, दुखणे किंवा नुसती भूक यांपैकी काहीही असू शकते, आणि तक्त्यावर गुण लावण्याआधी डॉक्टरांनी ते तपासलेले असले पाहिजे. तुम्ही लिहिले आहे की ती आईकडे नीट पाहत नाही. हे वाक्य मला थांबवून गेले. तो डिलिरियम, म्हणजे मेंदूचा तात्पुरता संभ्रम, असू शकतो. त्यासाठी आठ प्रश्नांचे वेगळे मोजमाप आहे आणि त्यात ९ किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमचा विचार करतात. विथड्रॉवल आणि डिलिरियम एकाच वेळी असू शकतात, आणि घोटाळा असा की विथड्रॉवलवर चालणारे लोराझेपाम डिलिरियम वाढवू शकते. म्हणून ‘आई ओळखीची वाटत नाही’ हे निरीक्षण डॉक्टरांना वेगळे काढून सांगा. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, घरची गोधडी, ओळखीची बाहुली आणि वर सिस्टरताईंनी सांगितलेली आईची भाषा, हे डिलिरियमवरचे खरेखुरे उपचार आहेत. त्यांना औषधाइतकेच गांभीर्याने घ्या.

निपाणीची आई यांचे उत्तर

दोन वर्षांपूर्वी माझा तीन वर्षांचा मुलगा याच वाटेने गेला, म्हणून लिहिते. आमची वाईट वेळ दवाखान्यात आली नाही, घरी आल्यावर आली. सुट्टीच्या कागदावर औषधांची नावे होती, पण कोणत्या दिवशी किती कमी करायचे हे नव्हते. कागद इंग्रजीत, समजावून सांगणाऱ्या सिस्टर कन्नडमध्ये बोलणाऱ्या, आणि मी मान डोलावून बाहेर पडले. दोन्ही औषधे गोळ्या कुटून केलेल्या पांढऱ्या पुड्यांत होती. दोन्ही पुड्या दिसायला सारख्याच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एकाच वेळी चुकून एकाच औषधाच्या दोन पुड्या दिल्या आणि मुलगा दुपारभर इतका गाढ झोपला की हाका मारून उठेना. श्वास चालू होता, ओठ लाल होते, तरी आम्ही त्याला उचलून गाडीत घातले. देवाच्या दयेने निभावले.

त्यानंतर मी जे केले ते सांगते. एका औषधाच्या पुड्यांना तांबडा दोरा बांधला आणि दुसऱ्या औषधाच्या पुड्यांना पांढरा. दोन वेगवेगळे डबे केले. औषध देणारा माणूस एकच ठेवला, म्हणजे मी. शंभर पानी वहीत रोज सहा रकाने आखले : वेळ, दोऱ्याचा रंग, दिले की नाही, झोप किती तास, शौच, कंप. सकाळी त्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा आणि त्यांचे उत्तर आल्याशिवाय पायरी उतरायची नाही. एकदा त्याला सर्दी झाली तेव्हा डॉक्टरांनी पायरी तीन दिवस थांबवली. मला वाटले मागे पडलो, पण तसे काही झाले नाही.

आजीच्या मीठ-मोहऱ्यांना नाही म्हणू नका. खाटेपासून लांब, धूर न करता ओवाळू द्या, त्यांच्याही जिवाला बरे वाटते. मात्र पोटात काहीही द्यायचे नाही, ना चाटण, ना झोपेचा काढा, ना घरात पडलेले खोकल्याचे औषध, हे त्यांना हात धरून, प्रेमाने, पण ठाम सांगा.

औषधवाला (चिकोडी) यांचे उत्तर

वरच्या ताईंच्या अनुभवात मी एकच व्यावहारिक भर घालतो, कारण माझ्या दुकानात असे पालक रिकाम्या हाताने परत गेलेले मी पाहिले आहेत. मॉर्फीन आणि मेथाडोन ही औषधे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर सहा औषधे आवश्यक मादक औषधे म्हणून ठरली, त्यांत मॉर्फीन, फेंटानिल आणि मेथाडोन आहेत, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरीही खानापूर, चिकोडी किंवा निपाणीच्या नेहमीच्या मेडिकल दुकानात ती मिळतील असे धरून चालू नका. त्यामुळे सुट्टी घेण्याआधी दोनपैकी एक गोष्ट पक्की करा. एक तर मॉर्फीनची उतरण दवाखान्यातच संपवून फक्त लोराझेपाम घेऊन घरी जायचे, किंवा शेवटच्या पायरीपर्यंत पुरेल एवढे औषध दवाखान्याच्या औषधालयातूनच हातात घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी पुड्या संपल्या आणि सोमवारपर्यंत थांबलो, असे या औषधांत चालत नाही. पाहुण्यांकडे कोल्हापूरला किंवा गोव्याला जाणार असाल तर चिठ्ठी आणि सुट्टीचा कागद औषधासोबत ठेवा. उरलेल्या पुड्या मोजून दवाखान्यात परत करा, घरात ठेवू नका.

बालदक्षता

औषधवाल्यांनी मोलाची गोष्ट सांगितली. शक्य असेल तर पहिला पर्याय घ्या, विशेषतः रेंज नसलेल्या गावात जायचे असेल तेव्हा. मॉर्फीनसारखे अफूवर्गातले औषध घरी देताना श्वासाचा धोका असतो आणि तिथे लक्ष ठेवायला यंत्र नसते.

घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही, तेही लिहून ठेवा. हाका मारून, हलवूनही जाग न येणे, श्वास फार संथ किंवा अडखळत चालणे, ओठ निळसर होणे, झटका येणे, चढता ताप, किंवा उलट्यांमुळे औषध पोटात न टिकणे. यांपैकी पहिल्या चारांत १०८ ला फोन लावा आणि पुढचा डोस देऊ नका. उलटी झाल्यावर डोस पुन्हा द्यायचा की नाही हे किती मिनिटांनी उलटी झाली यावर अवलंबून असते, म्हणून त्याचे उत्तर सुट्टीच्या कागदावरच लिहून मागा. स्वतःच्या अंदाजाने दुसरी पुडी देऊ नका.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या उत्तराप्रमाणे त्याच रात्री कागद करून दिला. सिस्टरनी मोजले तेव्हा गुण सात आले. मोठ्या डॉक्टरांनी रक्त आणि छातीचा फोटो पाहून नवा संसर्ग नाही याची खात्री केली, तोंडावाटे मॉर्फीन आणि लोराझेपाम सुरू केले आणि उतरणीचा तक्ता इंग्रजीत व मराठीत दोन्हीकडे लिहून दिला. डिलिरियमची शंका त्यांनाही आली, म्हणून तिची खाट खिडकीजवळ घेतली. दुसऱ्या रात्री ती सलग चार तास झोपली.

आज अकरावा दिवस आहे. मॉर्फीन काल संपले आणि त्यासाठी आम्ही दवाखान्यातला मुक्काम चार दिवसांनी वाढवला. लोराझेपामच्या तीन पायऱ्या शिल्लक आहेत. सुट्टी उद्या आहे, पण गावी न जाता खानापुरात माझ्या बहिणीकडे राहणार आहोत, कारण तिथून फोन लागतो आणि बेळगाव गाडीने तासाभराच्या आत आहे. पुड्यांना दोरे बांधले आहेत. औषध देण्याचे काम आत्याने, म्हणजे माझ्या बहिणीने घेतले आहे, कारण मुलीची आई इतक्या रात्री जागली आहे की चूक होण्याची तिलाच भीती वाटते.

काल दुपारी आई खाटेजवळ आमच्या म्हशीबद्दल बोलत होती. मुलगी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग विचारले, “रेडकू प्यालं का?” इतक्या दिवसांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

डॉक्टरसाहेब, एकच विचारायचे राहिले. शेवटची पायरी संपल्यानंतर वही आणखी किती दिवस चालू ठेवू?

बालदक्षता

शेवटच्या डोसानंतर निदान तीन दिवस चालू ठेवा, कारण लोराझेपाम हळू उतरते आणि त्रास उशिराही डोके वर काढू शकतो. त्यानंतर औषधाचे रकाने बंद करा, पण झोपेचा रकाना पहिल्या तपासणीपर्यंत ठेवा. अतिदक्षता विभागातून आलेल्या मुलांना पुढे काही आठवडे रात्री दचकून उठणे, आईला न सोडणे, चालताना पाय लटपटणे असे होऊ शकते. ते विथड्रॉवल नसते आणि त्यासाठी लोराझेपाम पुन्हा सुरू करायचे नसते. मात्र ते तपासणीत सांगायचे असते, म्हणून वही सोबत आणा.